हिमालयात तलाव, गरम कुंड आणि चालायची वाट: आईला घेऊन कुठं जावं?

सोन्नलगीकर
नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौघांनी हिमालयात जायचं म्हणतोय. मी, बायको, मेव्हणा आणि आई. आई बासष्टची, गुडघे धरतात, बीपीची गोळी चालू आहे. तिला गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करायचीय. मेव्हण्याला उंचावरचा तलाव हवा, तोही चालत जाऊन. आम्हा दोघांना साधी वाट असली तरी पुरे. सध्या मनालीजवळचा भृगू लेक आणि खालचं वशिष्ठ डोक्यात आहे. बजेट सोलापूर ते सोलापूर चौघांचं मिळून सत्तर हजार. विमान नको. दुसरी ठिकाणं असतील तर सुचवा.

कडकभाकरी
भृगू लेक डोळे झाकून करा. आम्ही मनालीच्या वरच्या गुलाब्याकडनं चढलो, पूर्ण वाट कुरणातनं. तलाव साधारण ४,३०० मीटरवर. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक गोठलेला सापडेल. आम्हाला गाइडनं पांढऱ्या मैदानाकडं बोट दाखवून "हाच तलाव" सांगितलं, आम्ही त्या मैदानापुढं उभं राहून फोटो काढले. पाणी बघायचं असेल तर जूनअखेर नाहीतर सप्टेंबर. वशिष्ठचं कुंड देवळाला लागूनच आहे, बायका-पुरुषांचं वेगळं, फुकट. साबण कुंडात चालत नाही, तो बाहेरच्या धारेखाली. आईंना तिथं ठेवा, तुम्ही वर जाऊन या.

युरोपरिटर्न
एवढा आटापिटा करण्यापेक्षा स्वित्झर्लंडचं ल्यूकरबाड बघा. गावात ५१ अंशांचे झरे, पोहायचे तलाव बांधलेले, स्वच्छ. गावातनं केबल कार गेमी खिंडीत जाते, वर डाउबेनझे नावाचा तलाव, २,२०० मीटरवर. त्याच्या काठानं वाट आहे. तुमच्या तिन्ही अटी एकाच गावात बसतात. बजेट थोडं वाढवावं लागेल इतकंच.

सातरस्ता_संज्या
थोडं म्हणजे किती ओ? व्हिसाचीच फी माणशी ९० युरो आहे. सत्तर हजारातले निम्मे सोलापुरातच संपले की.

युरोपरिटर्न
अनुभवाला किंमत नसते.

सातरस्ता_संज्या
अनुभवाला नसेल, तिकिटाला असते.

पुरचुंडी
मणिकर्ण कसं काय कुणी सांगितलं नाही अजून? भुंतरवरनं ३५ किलोमीटर, पार्वती नदीच्या काठाला. पाणी इतकं उकळतं की लोक तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून कुंडात सोडतात आणि भात शिजवून खातात. गुरुद्वाऱ्यात लंगर, आंघोळीला आत वेगळं कुंड. मेव्हण्यांना बारशैणीहून खीरगंगेला पाठवा, जवळपास ३,००० मीटरवर उघड्यावर गरम कुंड, समोर डोंगर. तलाव नाही, पण तलाव बघून तरी काय करणार? पाण्यात हात घातला की झोंबतं, दहा मिनिटांत माणूस परत फिरतो.

कडकभाकरी
त्यांनी तलावच विचारलाय.

चादरमहर्षी
कुठंही जा, पण एक सांगतो. स्लीपिंग बॅगच्या भाड्यावर पैसे घालवू नका. आपली सोलापुरी चादर, जाड वाणाची, दोन न्या. एक खाली, एक वर. आमच्या आजोबांनी काशी त्यावरच केली.

ट्रेकवाली_उत्तरकसबा
काका, काशी ४,३०० मीटरवर नाही. चादर सुती असते. तंबूत दव पडतं, चादर ओली होते, आणि ओलं सूत ऊब धरत नाही. अंगातले कपडेसुद्धा सुती नकोत, घामानं भिजले की थंडी हाडात जाते. लोकर किंवा सिंथेटिक.

चादरमहर्षी
आमच्या मागावरची चादर तुम्ही पांघरलेली दिसत नाही.

ट्रेकवाली_उत्तरकसबा
पांघरलीय. सोलापुरात.

कोजागिरीपदयात्री
मेव्हण्याच्या तयारीची काळजी सोडा. आम्ही दर कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो, पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर. भृगू लेक तर दोन-तीन दिवसांत पसरलेलं आहे. आपल्या माणसाला काहीच नाही.

गोळी_बंद_नको
डॉक्टर आहे म्हणून लिहितो. तुळजापूर अंतराची परीक्षा घेतं, उंचीची नाही. सोलापूर पाचशे मीटरच्या आत आहे. ४,३०० मीटरवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन इथल्या साधारण साठ टक्के. पायात कितीही दम असला तरी पहिल्या रात्री डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. उपाय एकच, हळू चढणं. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा वर जाऊन झोपायला खाली येणं चालतं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नको.

आईंबद्दल: गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. त्यात गोळी घेतलेली असली की कुंडातनं उठताना घेरी येते. पाच-दहा मिनिटं बसावं, कठड्याला धरून उठावं, सोबत बाईमाणूस असावं. जेवल्याजेवल्या नको. गोळी मात्र बंद करायची नाही. "चार दिवस फिरायला आलोय, कशाला गोळ्या" म्हणणारे बरेच भेटतात.

हिप्परगा_बोटक्लब
गरम पाणीच हवं तर कोकणात तुरळ-राजवाडी काय वाईट आहे? संगमेश्वरजवळ, मुंबई-गोवा रस्त्याला लागून. रात्री गाडीत बसा, सकाळी आंघोळ.

कडकभाकरी
आणि तलाव?

हिप्परगा_बोटक्लब
जाताना हिप्परग्याचा बघून निघा.

सोन्नलगीकर
सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. कठड्याचं तिला पटलं, गोळीचं ऐकू आलं नाही म्हणते. जून रद्द करून सप्टेंबर बघतोय. दिल्लीपर्यंत कर्नाटक एक्सप्रेस बरी ना? चार महिने आधी काढून ठेवू का तिकिटं?

इंद्रभुवन
चार महिन्यांचं आता नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी मिळतात. कर्नाटक थेट आहे, आईंना खालचा बर्थ मागा, ज्येष्ठ बायकांना ती सोय असते. उशीर मात्र धरून चाला, दिल्लीहून पुढची बस संध्याकाळचीच घ्या. आणि खासगी व्होल्वोच्या नादाला लागू नका. आम्हाला एकानं स्लीपर सांगून सीटवर बसवलं, वर मनालीच्या अलीकडंच उतरवलं, पहाटे, पावसात. कश्मीरी गेटवरनं हिमाचल परिवहनची गाडी धरा.

सातरस्ता_संज्या
मनाली करणार असाल तर आईंसाठी एक दिवस अटल बोगद्यातनं सिस्सूला जा. बोगदा नऊ किलोमीटरचा, पलीकडं लगेच सिस्सू, तिथं छोटा तलाव आहे, गाडीतनं उतरलं की समोर. त्यांचाही तलाव होईल.

कडकभाकरी
हा मुद्दा चांगलाय. पण पावसाळ्यात ब्यासकाठचा रस्ता बेभरवशाचा. जुलै २०२३ ला वाहून गेला, ऑगस्ट २०२५ ला परत. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा.

पुरचुंडी
मणिकर्ण बघाच. उकळत्या पाण्यात भात शिजतो.

सातरस्ता_संज्या
सांगितलंय तुम्ही.

सोन्नलगीकर
ठरलं. मनाली नाही, मणिकर्ण नाही, ल्यूकरबाड तर नाहीच. बद्रीनाथ.

आईनं आख्खा धागा माझ्याकडून वाचून घेतला आणि शेवटी म्हणाली, कुंड बद्रीनाथलाही आहे, आणि तुझ्या बाबांचं श्राद्ध तिथल्या ब्रह्मकपालला करायचं राहिलंय. सप्टेंबरअखेर पितृपंधरवडा येतोच आहे. पुढं बोलायला काही उरलं नाही. मेव्हणा फुगला होता, त्याला गोविंदघाटावरनं हेमकुंड दाखवतो म्हटलं. तो तलावही ४,३०० च्या आसपासच आहे. आता कुरकुरत का होईना तयार झालाय.

कडकभाकरी
मग आम्ही इतके दिवस गुलाबा-गुलाबा काय करत होतो? असो. आईंनी बरोबर केलं. हेमकुंड मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतं, त्याच्या आत बसवा.

ट्रेकवाली_उत्तरकसबा
क्रम असा ठेवा: आधी बद्रीनाथ. ते ३,१०० मीटरवर आहे, दोन रात्री काढल्या की शरीराला सवय लागते. मग आई आणि वहिनी जोशीमठला उतरतील, तुम्ही दोघं गोविंदघाटाहून पुलनापर्यंत जीपनं आणि पुढं घांघरियापर्यंत चालत, दहाएक किलोमीटर. मुक्काम तिथं. दुसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंड, सहा किलोमीटर पण छातीवरचा चढ, हजाराहून जास्त मीटर. वर राहू देत नाहीत, दुपारी उतरायलाच लागतं. गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा मिळतो, नको म्हणू नका. ब्रह्मकमळं सप्टेंबरात असतात, शेवटाला थोडी. फुलांची घाटी घांघरियावरनंच फुटते, पण त्या दिवसांत फुलं सरत आलेली असतात, तेवढ्यासाठी जाणार असाल तर हिरमोड होईल.

चारधामची नोंदणी सक्तीची आहे, ऑनलाइन, हेमकुंडचीही त्यातच करा. ऋषिकेश ते बद्रीनाथ तीनशे किलोमीटर, एका दिवसात रेटू नका, पिपळकोटीला थांबा. दरड पडली तर रस्ता अर्धा दिवस बंद असतो. हाताशी एक दिवस मोकळा ठेवा, परतीचं तिकीट त्या हिशोबानं.

गोळी_बंद_नको
बद्रीनाथचं तप्तकुंड चांगलंच कडक असतं आणि बाहेर हवा गार. आईंना आधी पाय, मग गुडघे, मग बाकी. बाहेर पडल्या की लगेच कोरडे कपडे. मुक्काम ३,१०० वर, तेव्हा पहिल्या दिवशी देवळाच्या रांगेतही घाई नको.

इंद्रभुवन
पितृपक्षात तिथं गर्दी वाढते. खोली आधी धरा. विधीचे पैसे गुरुजींशी बसायच्या आधी ठरवा, नंतर नाही.

युरोपरिटर्न
सत्तरात होईल?

सोन्नलगीकर
नाही. नव्वद धरलेत. वरचे वीस आईनं दिले.

चादरमहर्षी
चादर न्या.

सोन्नलगीकर
दोन घेतल्यात काका. एक आईला पांघरायला, एक गुरुजींना द्यायला.