कांदा महागला की शेतकरी लुटारू, पडला की बिचारा. शहरातल्या लोकांना काय सांगायचं?

प्रश्न : चांदवडची लेक

माहेर चांदवड तालुक्यात, नोकरी पुण्यात. परवा डबा खाताना विषय निघाला. "तुम्हाला टॅक्स नाही, वर्षाला हप्ते, वर कर्जमाफी, तरी शेतकरी रडतोच." बोलणारी माणसं वाईट नाहीत. मी आजारी पडले तेव्हा हीच मंडळी धावून आली होती, आणि यांच्याच मोबाइलवर बळीराजाचं स्टेटसही असतं. मला भांडायचं नाही, पण गप्प बसायचंही नाही. काय सांगू?

उत्तर : उन्हाळ कांदा, येवला

ताई, टॅक्सपासूनच सुरुवात करा. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे खरंच आहे. पण कर बसायला आधी उत्पन्न लागतं. 2018-19 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न महिन्याला 10,218 रुपये निघालं. त्यात पिकातून 3,798 आणि मजुरीतून 4,063. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येत होता! एवढ्या पगारावर तुमच्या ऑफिसातल्या कुणालाही आयकर बसणार नाही. शिवाय खत, औषध, ठिबक यांवरचा जीएसटी आम्ही भरतोच, आणि तो आम्हाला परत मिळत नाही. लाखांनी कमावणाऱ्या बड्या बागायतदाराला कर लावा, माझी काही हरकत नाही.

आता साठेबाजीचं, कांदा महागला की हा आरोप आमच्यावर होतोच. उन्हाळ कांदा आम्ही डिसेंबर-जानेवारीत लावतो, मार्च-एप्रिलमध्ये काढतो. तेव्हा सगळ्यांचाच माल येतो, म्हणून भाव पडलेला. मग चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरायचा. खालून-बाजूने वारा खेळावा अशी चाळ बांधलेली असते, तरी पावसाळी हवेत कांदा सडतोच. दार उघडलं की वासावरून कळतं. मग घरातली सगळी बसून एकेक कांदा हातात घेऊन दाबून बघतात. नासका काढला नाही तर शेजारचेही जातात. जे वाचतात त्यांचंही वजन घटतं, कोंब फुटतात. एवढं करून सप्टेंबरात चार पैसे मिळायला लागले की टीव्हीवर "कांद्याने रडवलं". अहो, आम्ही चाळी भरल्या नसत्या तर पावसाळ्यात कांदा दिसला असता का?

आणि नेमका तेव्हाच सरकारचा हात येतो. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी, ती मे 2024 पर्यंत. नवा लाल कांदा बाजारात यायला लागला होता. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, लोक भरलेले ट्रॅक्टर घेऊन बसून राहिले. तुमच्या ऑफिसातल्या किती जणांना हे आठवतं, विचारा. मला दया नको आणि जयजयकारही नको. पडत्या भावाचा तोटा मी सोसतो, तर चढत्या भावाचा नफाही माझ्याकडे राहू द्या. बाकी बहुतेक धंद्यांना हे मागावं लागत नाही.

उत्तर : ठाणेकर गृहिणी

दादा, पटलं. पण घरखर्च माझ्या हातात आहे. भाव दुप्पट झाला की मी पाव किलो घेते, आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई घेतच नाहीत. त्यांनी काय करायचं? आणि मी मोजते त्यातले तुमच्यापर्यंत किती येतात?

उत्तर : उन्हाळ कांदा, येवला

रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात आकडा आहे : ग्राहकाच्या रुपयातले सुमारे 36 पैसे कांदा उत्पादकाला. बाकी गाडीभाडं, हमाली, घट, व्यापारी, किरकोळ विक्रेता. सगळे चोर आहेत असं मी म्हणणार नाही, सडलेला माल त्यांच्याही अंगावर पडतो.

तुमच्या कामाच्या ताईंचा प्रश्न खरा आहे. त्यांना रेशनवर धान्य मिळतं तसा कांदाही सरकारने बाजारभावाने घेऊन स्वस्तात द्यावा. खर्च सरकारी तिजोरीने उचलावा. निर्यात अडवून भाव पाडला की तो खर्च माझ्या चाळीतून वसूल होतो आणि त्याचा फायदा ज्यांना परवडतं त्यांनाही मिळतो.

उत्तर : सिन्नरचा पोरगा

शहराला बोलताना आपल्या घरातही बघूया. माझं वय उलटत चाललंय. स्थळं येतात, मुलीचे वडील स्वतः शेतकरी असतात आणि पहिला प्रश्न "नोकरी कुठे?" दुसरा, "शेती किती?" म्हणजे शेती हवी, फक्त ती करणारा जावई नको. मी ड्रीपवर टोमॅटो, द्राक्ष करतो, हिशेबाची वही दाखवायची तयारी आहे. कुणी मागतच नाही.

चांदवडची लेक

सिन्नरकर, माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी नोकरीवालाच शोधला, आणि मीही हो म्हटलं. ऑफिसात हेही सांगेन. उन्हाळ कांदा दादा, तुमच्या एखाद्या जुन्या विक्रीच्या पट्टीचा, म्हणजे पावतीचा, फोटो टाकाल का? नाव झाकून. हमाली-तोलाई कापून हातात काय उरतं ते आकड्यांत दाखवते.