एक्केचाळीस गोल कोणाचे: लेवांडोवस्कीचे की बायर्नचे?

मध्यरेषा (धागाकर्ता)

१९७१-७२ च्या बुंडेसलिगा (जर्मनीची सर्वोच्च फुटबॉल लीग) हंगामात गेर्ड म्युलरने बायर्न म्युनिककडून ३४ सामन्यांत ४० गोल केले आणि पुढची ४९ वर्षे तो आकडा कोणाच्याही हाती लागला नाही. रॉबर्ट लेवांडोवस्कीने २०२०-२१ मध्ये २९ सामन्यांत ४१ गोल करून तो मोडला. एकेचाळिसावा गोल हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, २२ मे २०२१ रोजी आउग्सबुर्गविरुद्ध, नव्वदाव्या मिनिटाला झाला. लेरॉय सानेचा फटका गोलरक्षक गिकिएविचने अडवला, पण चेंडू त्याच्या हातात राहिला नाही; लेवांडोवस्की सर्वांआधी पोहोचला, गोलरक्षकाला वळसा घातला आणि चेंडू रिकाम्या जाळ्यात सारला.

वेगवेगळ्या काळांतल्या विक्रमांची तुलना बहुधा फसते, कारण कुठे सामने जास्त असतात तर कुठे संघ कमी. इथे मात्र क्लब तोच, लीग तीच, संघ अठराच आणि फेऱ्याही चौतीसच आहेत. फरक एवढाच की नव्या विक्रमवीराने पाच सामने कमी खेळून एक गोल जास्त केला. तरीही ‘बायर्नमध्ये कोणीही एवढे गोल केले असते’ हे वाक्य सतत कानावर येते. ते खरे असते, तर क्लबने त्याआधी सलग आठ वेळा लीग जिंकली तेव्हा चाळीस गोल का झाले नाहीत? खुद्द लेवांडोवस्कीचे बायर्नमधले आधीचे हंगाम पाहा: १७, ३०, ३०, २९, २२ आणि ३४. संघ दरवर्षी विजेताच होता, पण आकडा वर गेला तो तिशी ओलांडलेल्या एका खेळाडूने आपला खेळ आणखी धारदार केल्यावर. म्हणून हा हंगाम म्युलरच्या हंगामापेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे. विरोधी मते जरूर मांडावीत.

जुना हिशेब

आपला मुद्दा नीटनेटका आहे, पण ज्या पाच सामन्यांत लेवांडोवस्की खेळला नाही, त्यांचे काय झाले हे आपण सांगितलेले नाही. ऑक्टोबरमध्ये कोलोनविरुद्ध त्याला विश्रांती दिली होती. बायर्न २-१ ने जिंकले. मार्चअखेर पोलंडकडून अँडोराविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा दुखावला आणि तो चार लीग सामन्यांना मुकला. लाइपझिगवर १-० असा विजय, युनियन बर्लिनशी १-१ बरोबरी, वोल्फ्सबुर्गवर ३-२ आणि लेव्हरकुसेनवर २-० असे विजय, असे त्यांचे निकाल लागले. म्हणजे पाच सामन्यांत पंधरापैकी तेरा गुण. त्या हंगामात बायर्नचे एकूण ७८ गुण झाले; उरलेल्या २९ सामन्यांतले ६५ गुण धरले, तर सरासरी सव्वादोनच्या आत राहते. ज्याने ४१ गोल केले तो मैदानात नसताना संघाने प्रत्येक सामन्यामागे जास्त गुण मिळवले, आणि लाइपझिग तर त्या वर्षी उपविजेते होते.

यावरून लेवांडोवस्की वाईट खेळाडू ठरत नाही. पण गोलांची संख्या ही संघात शेवटचा स्पर्श कोणाच्या वाट्याला येतो याची नोंद आहे. संघ त्याच्यामुळे किती जिंकला याची नाही. थॉमस म्युलर, किमिश, साने, ग्नाब्री आणि कोमान चेंडू घेऊन येतात आणि एकाला तो आत ढकलण्याचे काम नेमून दिलेले असते. थॉमस म्युलरने आदल्या हंगामात २१ आणि या हंगामात १८ गोलांना अखेरचा पास दिला. त्या आकड्यांवर धागा निघालेला मी तरी पाहिला नाही.

मध्यरेषा

हिशेब मान्य आहे, पण तो आपण अर्धाच केला आहे. त्याच पाच सामन्यांत बायर्नचे गोल मोजा: दोन, एक, एक, तीन आणि दोन, म्हणजे नऊ. हंगामात बायर्नचे एकूण ९९ गोल झाले. उरलेले ९० हे २९ सामन्यांत. लेवांडोवस्की असताना सामन्यामागे तीनहून अधिक आणि नसताना दोनहून कमी. ‘शेवटचा स्पर्श’ कोणीही करू शकतो, तर नेमक्या याच सामन्यांत गोल इतके कमी का झाले? चार विजयांपैकी तीन एका गोलाच्या फरकाचे आहेत. असे सामने दोन्हीकडे झुकू शकतात, आणि पाच सामन्यांच्या गुणांवर एवढा मोठा निष्कर्ष उभारणे मला धोक्याचे वाटते.

शिवाय त्याच दुखापतीत चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी आली होती. ७ एप्रिलला म्युनिकमध्ये, बर्फ पडत असताना, बायर्नने पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्ध ३१ फटके मारले आणि सामना २-३ असा गमावला. पॅरिसमध्ये ते १-० ने जिंकले, पण परक्या मैदानावरील गोलांच्या नियमामुळे (दोन्ही सामने मिळून बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ तेव्हा पुढे जात असे) बाहेर पडले. एकतीस फटके म्हणजे चेंडू आणणारे आपले काम चोख करत होते. कमी पडला तो चेंडू आत ढकलणारा.

अठरा यार्ड

पॅरिसचा मुद्दा दरवेळी पुढे येतो, म्हणून एक आठवण करून देतो. लेवांडोवस्कीच्या जागी खेळलेल्या शुपो-मोटिंगने त्या दोन्ही सामन्यांत गोल केला होता. त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा होती, हे कळत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. म्युलरच्या चाळीस गोलांच्या मागे शर्यत होती. त्या हंगामाच्या अखेरच्या सामन्याला बायर्न आणि शाल्के एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्यात केवळ एका गुणाचे अंतर होते. नव्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये बायर्नने ५-१ असा विजय मिळवला आणि मगच विजेतेपद ठरले. २०२१ मध्ये बायर्नचे विजेतेपद ८ मे रोजी, त्यांचा ग्लाडबाखविरुद्धचा सामना सुरू होण्यापूर्वीच, निश्चित झाले. लेवांडोवस्कीचे शेवटचे पाच गोल त्यानंतरचे आहेत: ग्लाडबाखविरुद्ध तीन, फ्रायबुर्गविरुद्ध एक (तोही पेनल्टीवर) आणि आउग्सबुर्गविरुद्ध तो एक. त्या सामन्यांत त्याला विक्रम मिळावा म्हणून सगळा संघ त्याच्याकडे चेंडू देत होता, हे बघणाऱ्या कोणालाही दिसत होते. शिवाय म्युलरच्या काळी मागून पाय घालणारा बचावपटू सहज सुटून जात असे. आज तसे केले तर लाल कार्डही मिळू शकते.

आणि त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात म्युलरने युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात बेल्जियमविरुद्ध दोन आणि अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध दोन गोल केले. तो हंगाम नुसत्या क्लबच्या चौकटीत मावत नाही.

कोपरा ध्वज

शर्यत नव्हती म्हणून शेवटचे पाच गोल वजा करायचे असतील, तर म्युलरच्या खात्याचीही चाळणी करावी लागेल. नोव्हेंबर १९७१ मध्ये बायर्नने डॉर्टमंडला ११-१ असे हरवले होते आणि त्यात म्युलरचे चार गोल होते. निकाल कधीच लागून गेल्यावरचे गोल प्रत्येक मोठ्या खात्यात असतात. त्या वर्षी बायर्नने १०१ गोल केले, २०२०-२१ मध्ये ९९. दोघांचाही वाटा पाचात दोनच्या आसपास पडतो. लेवांडोवस्कीचा किंचित जास्त, आणि तोही पाच सामने बाहेर बसून.

उलट लेवांडोवस्कीचे जड गोल पाहावेत. हेर्था बर्लिनविरुद्ध बायर्नने ४-३ असा विजय मिळवला, त्यातले चारही गोल त्याचे, चौथा भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर. पेनल्टी म्हणजे फुकटचा गोल असे मानणाऱ्यांनी ३-३ वर, सामना संपत असताना, चेंडू त्या बिंदूवर ठेवून पाहावा. मार्चमध्ये डॉर्टमंडविरुद्ध हालांडच्या दोन गोलांमुळे बायर्न पहिल्या दहा मिनिटांतच ०-२ मागे पडले. शेवटी ४-२ ने जिंकले आणि लेवांडोवस्कीची हॅटट्रिक झाली. स्टुटगार्टविरुद्ध अल्फोन्सो डेव्हिसला बाराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. दहा जणांच्या संघाने ४-० असा विजय मिळवला, त्यात पुन्हा त्याचे तीन.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर सामना पाहून बाहेर पडणारा माणूस फॉरवर्डने किती मारले यापेक्षा किती घालवले याचाच हिशेब मांडतो. त्या कडक मापानेही हा माणूस बसतो.

जुना हिशेब

स्टुटगार्टचे उदाहरण चांगले आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधण्याची गरजही वाटत नाही, कारण लेवांडोवस्की मोठा आहे की नाही हा वादच नव्हता. वाद विक्रमाचा अर्थ काय हा आहे, आणि त्याची चाचणी तो गेल्यानंतर झाली. २०२१-२२ या अखेरच्या हंगामात त्याने ३५ गोल केले, बायर्नचे एकूण ९७. जुलै २०२२ मध्ये तो बार्सेलोनाला गेला, आठ वर्षांत ३७५ सामन्यांत ३४४ गोल करून. पुढच्या हंगामात बायर्नकडे तसा स्ट्रायकरच नव्हता, लीगमध्ये सर्वाधिक गोल ग्नाब्रीचे, केवळ १४. संघाचे गोल मात्र ९२. पस्तीस गोल करणारा माणूस गेला आणि संघाचे पाच कमी झाले.

मग २०२३ मध्ये हॅरी केन आला, त्यानेही पहिल्याच हंगामात ३६ गोल केले, संघाचे एकूण ९४ झाले आणि बायर्न तिसऱ्या क्रमांकावर राहिले. एवढे पाहिल्यावर, हे गोल त्या जागेचे असतात आणि तिथे उभा राहणारा माणूस बदलत असतो, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

मध्यरेषा

ज्या हंगामात ९२ गोल झाले, त्यात बायर्नचे गुण ७७ वरून ७१ वर आले आणि विजेतेपद शेवटच्या दिवशी, डॉर्टमंडशी गुण समान असताना, केवळ गोलफरकावर मिळाले. तेही डॉर्टमंडला घरच्या मैदानावर माइन्झला हरवता आले नाही म्हणून. त्याच वसंतात मँचेस्टर सिटीने त्यांना दोन सामने मिळून ४-१ असे बाहेर काढले. गोल इतरांत वाटले गेले हे खरे, पण ते नेमक्या वेळी आले नाहीत.

आणि हे बायर्नच्या व्यवस्थापनाला आपल्याआधी कळले होते. जागा जर खरोखर कोणीही भरू शकत असता, तर त्या क्लबने लगेच पुढच्या उन्हाळ्यात तीस वर्षांच्या केनसाठी आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम मोजली नसती. लेवांडोवस्कीला त्यांनी २०१४ मध्ये डॉर्टमंडचा करार संपल्यावर, हस्तांतर शुल्काचा एक युरोही न देता आणले होते.

अठरा यार्ड

रक्कम मोजली, आणि पहिल्या वर्षी एकही करंडक मिळाला नाही. गेर्ड म्युलरच्या चाळीस गोलांसोबत करंडक होता, लेवांडोवस्कीच्या एक्केचाळीस गोलांसोबतही होता. तेवढ्यापुरते ते दोघे एका रांगेत बसतात आणि केनचा तो पहिला हंगाम त्या रांगेत बसत नाही. यावर तरी आपले एकमत व्हायला हरकत नसावी. फ्रायबुर्गविरुद्ध चाळिसावा गोल झाल्यावर लेवांडोवस्कीने जर्सी वर करून आतल्या शर्टावरचे म्युलरचे छायाचित्र दाखवले होते. त्याला स्वतःला ही तुलना कशी वाटत होती, हे त्यातून पुरेसे दिसते. कोणाचा हंगाम मोठा यावर मात्र माझे मत बदललेले नाही.