प्रतिसाद: त्या काळचा बीबीसी रेडिओ रुक्ष नव्हता

वर एकांनी म्हटलंय की १९५० च्या आसपासचा बीबीसी म्हणजे नुसत्या बातम्या आणि गंभीर भाषणं. हे मला अजिबात पटत नाही. तेव्हा होम सर्व्हिस, १९४५ चा लाइट प्रोग्रॅम आणि १९४६ चा थर्ड प्रोग्रॅम अशा तीन वाहिन्या होत्या.

एकट्या लाइट प्रोग्रॅमचाच दिवस बघा. सकाळी गृहिणींच्या फर्माइशी. कारखान्यांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क', युद्धकाळात कामाचा वेग टिकावा म्हणून सुरू झालेलं सलग वाद्यसंगीत. दुपारी पावणेदोनला लहान मुलांची गोष्ट आणि लगेच दोनला 'वूमन्स अवर'. मूल आईजवळ बसून गोष्ट ऐकणार, मग आई तिचा कार्यक्रम ऐकणार. ही आखणी मला फार आवडते, कारण ऐकणाऱ्यांच्या दिवसाचा विचार करून ती केलेली दिसते.

संध्याकाळी पावणेसातला आधी डिक बार्टन या काल्पनिक गुप्तहेराची साहसं असायची, १९५१ पासून तिथे 'द आर्चर्स' आली. या शेतकरी कुटुंबाच्या मालिकेत शेतीचा सल्लाही पेरलेला असे. रेशनिंग अजून चालू होतं, अन्नधान्याचं उत्पादन वाढवायचं होतं. आणि मालिका आजही चालू आहे!

थर्ड प्रोग्रॅम ही गंभीर कला-साहित्याची वाहिनी फक्त संध्याकाळी लागायची आणि ऐकणारे थोडेच होते, हे खरं. पण कवी डिलन टॉमसचं 'अंडर मिल्क वुड' हे नभोनाट्य १९५४ मध्ये अभिनेता रिचर्ड बर्टनच्या आवाजात तिथेच पहिल्यांदा प्रसारित झालं. त्याला रुक्ष कसं म्हणणार?