बाईमाणसाचा हात उशिरा सुधारतो का?

घोडबंदर_होमव्हिजिट:
स्ट्रोकला सहा आठवडे झालेले दोन पेशंट, दोघांचीही डावी बाजू गेलेली. पुरुष ६१, बाई ७४. फुगल-मेयरमध्ये (स्ट्रोकनंतर हालचाल किती परत आली ते मोजणारी चाचणी) हाताचे गुण ६६ पैकी ३८ आणि ३७. पण डाव्या हाताची पकड पुरुषाची १४ किलो, बाईंची ७. घरचे विचारतात, बायकांचं उशिराच सुधारतं का? शिवाय बाईंच्या हातातून वाटी निसटते.

नौपाडा_ओटी:
आधी चांगल्या हाताची पकड सांगा. बसवून, कोपर काटकोनात, तीन वेळा घेऊन सरासरी.

घोडबंदर_होमव्हिजिट:
पुरुषाची ३६, बाईंची १८.

नौपाडा_ओटी:
म्हणजे दोघांचाही डावा हात उजव्याच्या ३९ टक्के. बाईंची पकड मुळातच कमी. नुसते किलो बघून त्यांना मागे टाकू नका. घरच्यांना हा टक्का कागदावर लिहून दाखवा.

वाटी निसटते ती बहुधा ताकदीमुळे नाही. फुगल-मेयरचा संवेदनेचा भाग वेगळा असतो, २४ गुणांचा. तो घेतलात का? डोळे मिटायला लावून अंगठा वर-खाली हलवा, पण पेर दोन्ही बाजूंनी धरा. वरून-खालून धरलंत तर दाबावरूनच दिशा कळते आणि गुण फुकट मिळतात. मग दोन्ही हातांना एकदम स्पर्श करा. एकेकटा कळतो, पण एकदम केल्यावर डावा सुटतो? मग बधिरतेपेक्षा त्या बाजूकडे लक्षच जात नसण्याची शक्यता जास्त, आणि व्यायामही बदलतो.

बधिरताच असेल तर तांदळाच्या डब्यात सुपारी, किल्ली, नाणं, बटण ठेवून ओळखायला लावा. आधी बघून, मग उजव्याने डोळे मिटून, मग डाव्याने. दिवसातून दोनदा, १०-१५ मिनिटं. वस्तू पेशंटनेच चाचपायची. आपण तिची बोटं फिरवली तर निम्मा उपयोग जातो. आणि गरम पाणी, तवा आधी उजव्या हातानेच पाहायचा, हे आजच सांगा.

वाशी_न्यूरोफिजिओ:
वरचं पटलं. घरच्यांना मात्र फरक नसतोच असंही सांगू नका. बायकांना स्ट्रोक सरासरी उतारवयात येतो, अनियमित ठोक्यांमुळे हृदयातून गेलेली गुठळी जास्त वेळा सापडते आणि तसा झटका मोठा असतो. आधीचं चालणं-फिरणंही कमी झालेलं. वय, झटक्याची तीव्रता आणि ही आधीची स्थिती धरली की स्त्री-पुरुषांतलं अंतर बरंच कमी होतं. नंतरचं नैराश्य बायकांत जास्त. पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी) भरून घ्या. 'थकवा आहे' म्हणून व्यायाम टाळणाऱ्या बाईंमध्ये ते हमखास निसटतं.

आणि डावा हात रोज किती तास वापरला जातो ते मोजा. उजवा हात शाबूत म्हणून मटार, मेथी, लसूण सगळं एकहाती उरकलं जातं, किंवा सून हातातलं काढून घेते. दोन्ही चूक. डाव्याने शेंग धरायची, उजव्याने सोलायची. एक वाटी मटार, रोज, वेळ लिहून. मनगट २० अंश आणि बोटं १० अंश स्वतःहून मागे जात असतील तर चांगला हात बांधून सराव करायचा विचार करा. तेवढं नसेल तर नुसती चिडचिड होते.