हँडल लोंबकळतंय: लॉक बदलायचं की नुसतं हँडल?

ए-४०३ (स. ९:१२)
शुभ सकाळ, सोसायटी ग्रुप. बेडरूमच्या दाराचं आतलं हँडल लोंबकळतंय. दाबलं की दार उघडतं, पण सोडल्यावर हँडल वर येत नाही. बाहेरचं मात्र ठीक आहे. सुतार म्हणतो अख्खं लॉक बदलू, पटाशीने खाच वाढवावी लागेल. खरंच लागेल का?

बी-२०१ (९:२०)
ताई, पटाशी घरात येऊ देऊ नका अजून. दोन्ही हँडल एकाच चौकोनी सळईवर बसलेली असतात, तिला स्पिंडल म्हणतात. बाहेरचं आपसूक वर येतंय, म्हणजे लॉकच्या पोटातली स्प्रिंग जिवंत आहे. आतल्या हँडलची स्पिंडलवरची पकड सुटली आहे, एवढंच. एक तर मानेखालचा छोटा स्क्रू ढिला झालाय, नाही तर हँडलचं चौकोनी भोक झिजून गोल झालंय. सोबत त्याची स्वतःची स्प्रिंगही गेली असणार.

सी-७०४ (९:२४)
बरोबर. आधी मानेखाली बोट फिरवून बघा, ३ मिमीची अॅलन की (षटकोनी किल्ली) लागेल असा खड्डा असतो. तो घट्ट करून भागलं तर आजचा विषय इथेच संपला.

ए-४०३ (९:४१)
केला घट्ट. दोनदा नीट चाललं, परत खाली.

सी-७०४ (९:४३)
मग भोक झिजलंय. हँडल काढून उजेडात धरा. चौकोनाचे कोपरे धारदार दिसायला हवेत. कोपरे गोलावले असतील आणि आत राखाडी चुरा दिसत असेल तर ते जस्ताच्या मिश्रधातूचं हँडल आहे, वरून फक्त मुलामा. स्पिंडल पोलादी, भोक मऊ धातूचं, त्यामुळे भोकच झिजणार. पत्र्याचा तुकडा, कागद, एमसील असलं काही कोंबू नका, महिनाभरात पुन्हा तेच. नवीन जोडीच घ्या.

ए-१०२ (९:५०)
आमचंपण हँडल दोन्ही बाजूंनी खाली पडलंय आणि लॅच (दाराच्या कडेतून बाहेर येणारी उतरती जीभ) आतच अडकून राहतं. आम्हीपण नुसतं हँडल घ्यायचं का?

बी-२०१ (९:५८)
नाही, तुमचं वेगळं. दोन्ही हँडल काढा, स्पिंडल लॉकमध्ये राहू द्या आणि पकडीने तेवढाच फिरवा. सोडल्यावर लॅच खटकन बाहेर आलं तर लॉक चांगलं. आत राहिलं किंवा बोटाने ओढावं लागलं तर लॉकच्या आतली स्प्रिंग तुटली, तिथे लॉक बॉडी, म्हणजे दाराच्या पोटातली लॉकची पेटी, बदलावी लागते. हाच प्रयोग सगळ्यांनी दुकानात जायच्या आधी करावा, पाच मिनिटांचं काम आहे.
आणि उघड्या दाराला हँडल छान चालतं पण दार लावल्यावर अडतं, असं असेल तर हँडल आणि लॉक दोन्ही निर्दोष. लॅच चौकटीवरच्या पट्टीला घासतंय. पावसात दार फुगलं किंवा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले पडले की असं होतं. लॅचच्या टोकाला ओलं कुंकू लावा, दार हळू लावा आणि पट्टीवर डाग कुठे पडतो बघा. डाग भोकाच्या खाली पडला तर दार खाली बसलंय. आधी बिजागरी घट्ट करा, मग गरज वाटली तर पट्टीचं भोक कानशीने मिलीमीटरभर वाढवा.

ए-१०२ (१०:०३)
पकडीने फिरवलं. लॅच आतच 😞

बी-२०१ (१०:०५)
मग लॉक बॉडी. जुनी काढून सोबत घेऊन जा, तोंडी वर्णन करून आणू नका.

डी-३०१ (१०:१५)
मी ऑनलाइन एक काळं मॅट हँडल बघितलंय, मागे लांब पट्टी असलेलं, एकदम सुंदर. तेच मागवू का? आमचंही झिजलंय.

सी-७०४ (१०:२२)
डी-३०१ ताई, रंग शेवटी बघा. आधी चार मापं घ्या:
पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेंटर. स्पिंडलच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. सिलिंडरवाल्या (किल्ली घालायचा नळकांड्यासारखा भाग सुटा असलेल्या) लॉकमध्ये हे बहुतेक ८५ मिमी असतं, पण सगळीकडे नाही, जुन्या लॉकांत कमीही सापडतं. ५ मिमीचाही फरक असला तर किल्ली पट्टीवर आपटेल किंवा हँडल तिरकं बसेल. सिलिंडर असेल तर मोजताना त्याच्या वरच्या गोल भागाचा मध्य धरायचा, अख्ख्या भोकाचा नाही. बहुतेकांची चूक इथेच होते.
दुसरं, स्पिंडलची जाडी. ८ मिमी सर्रास, ७ मिमीचेही असतात. ८ नंबरचा पाना चपखल बसला म्हणजे ८. सातचा स्पिंडल आठच्या भोकात घातला की रोज दाबताना कोपऱ्यांवर मार बसतो आणि भोक लवकर गोल होतं.
तिसरं, दाराची जाडी. फ्लश डोअर साधारण ३० ते ३५ मिमीचं, मेन डोअर त्याहून जाड असू शकतं. स्पिंडलची आणि आरपार बोल्टची (एका बाजूच्या पट्टीतून दुसऱ्या बाजूच्या पट्टीत जाणारे) लांबी यावर ठरते.
चौथं, जुन्या पट्टीची लांबी-रुंदी. नवीन पट्टी तेवढीच किंवा मोठी हवी. लहान घेतलीत तर खालचं फिकं लाकूड आणि जुनी भोकं जन्मभर दिसणार.

डी-३०१ (१०:२६)
आणि ती गोल चकतीवाली? पट्टीच नसते ती.

सी-७०४ (१०:३१)
तिला सेंटरची भानगड नाही, कारण हँडलची चकती वेगळी आणि किल्लीची वेगळी. नवीन दाराला उत्तम. जुन्या दाराला मी सुचवणार नाही, पट्टीच्या जागेचा डाग झाकायला काहीच उरत नाही.

बी-२०१ (१०:३४)
मोजायचा कंटाळा असेल तर पट्टी काढून दारावर कागद धरा आणि पेन्सिलने घासा. दोन्ही भोकांचे ठसे उमटतात. तो कागद दुकानात न्या, दुकानदार नवीन पट्टी त्यावर ठेवून बघेल. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेलात तर हाच कागद चार दुकानांत चालतो.

ए-४०३ (१०:४०)
कागद काढला. सेंटर ८५, स्पिंडल ८, दार ३२. आता बसवायचं कसं तेही सांगा, सुताराला कटवलंय.

सी-७०४ (१०:५५)
छान. दार उघडं ठेवा, खाली पाचर मारा, किल्ली काढून खिशात. काम संपेपर्यंत दार लागता कामा नये. आत अडकण्याचे किस्से सगळे याच वेळचे.
सिलिंडरला हात लावायची गरज नाही, पट्टी त्याच्यावरून सरळ सरकून निघते. एका बाजूचे स्क्रू काढताना दुसऱ्या बाजूची पट्टी धरा, नाही तर आरपार बोल्टवाल्या सेटमध्ये ती धप्पकन पायावर येते.
नवा स्पिंडल घालून दोन्ही हँडल लावून बघा. दोन्हीकडे हँडलच्या आत निदान १२-१५ मिमी गेला पाहिजे. लांब असेल तर पट्टी दाराला टेकत नाही, हॅक्सॉने कापा आणि टोक कानशीने साफ करा. आखूड असेल तर चालवून घेऊ नका, लांब आणा. आखूड स्पिंडल एका बाजूला सरकतो आणि एके दिवशी एकाच बाजूचं हँडल काम करतं.

ई-६०५ (११:०१)
ड्रिलने स्क्रू मारले तर पटकन होईल ना काका?

सी-७०४ (११:०८)
नको. हाताच्या स्क्रू ड्रायव्हरनेच. तिथे लाकूड किती आहे याचा हिशोब करा: ३२ मिमीचं दार, लॉकची पेटी साधारण १५ मिमी जाड. उरलं १७, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेआठ-साडेआठ मिमीची भिंत. पट्टीच्या मधल्या भोकांत पाऊण इंची स्क्रू मारला की तो थेट पेटीवर जातो, आणि तिथून "नवीन हँडल बसवल्यापासून लॉक जड झालंय" ही तक्रार सुरू होते. मधले स्क्रू अर्ध्या इंचाच्या वर नकोत, आणि पट्टी पातळ असेल तर तेही कापून लावा. वरच्या-खालच्या टोकाला पेटी नसते, तिथे पाऊण इंच चालतात.

बी-२०१ (११:१२)
आणि आरपार बोल्ट असतील तर त्यांचा उलटा त्रास. पोकळ जागेवर फार आवळले की दोन्ही भिंती आत दबतात आणि लॉक चिमटतं. आळीपाळीने थोडे थोडे आवळा, दर वेळी हँडल दाबून बघा. जड वाटायला लागलं की पाव फेरा मागे.

ए-४०३ (११:२०)
जुन्या स्क्रूंची दोन भोकं मोठी झालीत, स्क्रू नुसता फिरतो.

बी-२०१ (११:२५)
आगपेटीच्या काड्या, गुल तोडून. फेविकॉलमध्ये बुडवून भोकात दाटीवाटीने ठोका, रात्रभर सोडा, सकाळी ब्लेडने सपाट कापा आणि २ मिमीच्या बिटने नवीन भोक पाडून मग स्क्रू. ओल्या फेविकॉलवर स्क्रू मारला तर काड्याच बाहेर येतात. लांब स्क्रू हा यावर उपाय नाही, कारण वर सांगितलेली पेटी.

डी-३०१ (११:३०)
आमचं दार उजवीकडे उघडतं. डावं-उजवं हँडल वेगळं येतं का?

सी-७०४ (११:३६)
काही सेटमध्ये येतं. स्प्रिंगवालं हँडल एकाच दिशेने फिरायला बनवलेलं असतं, उलट दाबलं की स्प्रिंग तुटते. मानेचा स्क्रू सोडून उलटवता येणारे सेट मिळतात, पण "उलटवता येतं ना" हे विचारूनच पैसे द्या. सरळ दांडीचं असेल तर उलटवल्यावर कळतही नाही, वळणदार असेल तर नक्षी उलटी दिसते.

ए-१०२ (११:४४)
धातू कुठला घ्यावा? दुकानदार सगळ्यालाच ब्रास म्हणतो.

बी-२०१ (११:५२)
हातात घेऊन बघा, पितळ जड लागतं. चुंबकावर भरवसा नको, पितळ, जस्त आणि चांगलं स्टील तिघंही चुंबकाला दाद देत नाहीत, फक्त मुलामा दिलेलं लोखंड पकडलं जातं. खरं कळतं ते स्पिंडलच्या भोकात डोकावून, तिथे मुलामा नीट पोचत नाही. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्त. अलीगढ, राजकोटचा बिनब्रँडचा मालही चांगला असतो, पण भोक बघूनच घ्या.
मुलगी वाशीला किंवा रत्नागिरीला राहत असेल तर तिच्यासाठी ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील. मुलाम्याला खाऱ्या हवेत फोड येतात.

ई-६०५ (११:५८)
बाथरूमच्या दारावर तर वर्षभरातच फोड आले.

बी-२०१ (१२:०२)
तिथे खारी हवा नाही, अॅसिड. फरशीवर अॅसिड टाकून दार बंद ठेवलं की वाफ हँडलवर बसते. आणि बाथरूमचं नवीन घेताना आतून कडी लावायचा छोटा नॉब, बाहेरून नाण्याने फिरणारी खाच असलेलं घ्या. आजी किंवा लहान मूल आत अडकलं तर दार फोडावं लागत नाही. हँडलच गोल मुठीचं मात्र घेऊ नका, ओल्या हाताने आणि दुखऱ्या बोटांनी ती फिरत नाही.

ए-५०१ (१२:१०)
एक विचारू? हँडल तुटून हातात आलं आणि दार बंदच असेल तर?

सी-७०४ (१२:१५)
स्पिंडलचं टोक दिसत असेल तर पकडीने धरून फिरवा. स्पिंडल पलीकडे पडला असेल तर चौकोनी भोकात रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर तिरका, कोपऱ्यात कोपरा असा घाला आणि दाबून फिरवा, लॅच आत जातं. म्हणून जुना स्पिंडल टाकू नका. एक तुकडा बेडरूमच्या आतल्या कपाटात असू द्या, बाहेर हॉलमध्ये ठेवलेला आतल्या माणसाच्या कामाचा नाही.

डी-३०१ (१२:२०)
लॉकमध्ये खोबरेल तेल सोडायचं ना शेवटी?

बी-२०१ (१२:२२)
सिलिंडरमध्ये अजिबात नाही. तेलावर धूळ चिकटून गाळ होतो, मग किल्ली अडकते. मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासा आणि किल्ली आत-बाहेर करा. लॅचच्या उतारावर मेणबत्ती घासली तरी पुरे.

सेक्रेटरी (१२:३०)
चर्चा उपयुक्त आहे, पिन करतो. फक्त २ ते ४ ठोकाठोकी नको, काड्यासुद्धा नाही.

ए-४०३ (सं. ६:४८)
काड्या भरून ठेवल्या, स्क्रू उद्या. बाकी दोन टोकांवर तात्पुरतं लावलंय, हँडल सोडलं की टुणकन वर येतं.

सी-७०४ (६:५०)
दार उघडं असतानाच दहा-बारा वेळा दाबून बघा, मगच लावा. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा एकजण आत, एकजण बाहेर.