मदत हवी आहे: ताईला वेगळं राहायचंय, बायबलच्या वचनाचा आधार मिळेल का?

ताईचा नवरा तिच्यावर हात उचलतो आणि वर बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातल्या 5:22 वर बोट ठेवून 'पतीच्या अधीन राहा' म्हणून सुनावतो. पत्नीवर ख्रिस्तासारखी प्रीती करायला सांगणारं 25वं वचन त्याच पानावर आहे, ते मात्र तो कधीच वाचत नाही. परवा तिच्या मनगटावर चार बोटांचे वळ दिसले. आता ती माझ्याकडे आहे, सुरक्षित आहे.

आमच्या चर्चच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) दोनदा बोललो, पत्नीला मान द्या सांगणारं 1 पेत्र 3:7 दाखवलं. उत्तर एकच, 'प्रार्थना करा, सहन करा.'

तिला घटस्फोट नको, मंडळीही (चर्चही) सोडायची नाही. 1 करिंथ 7:11 मध्ये वेगळ्या झालेल्या पत्नीचा उल्लेख आहे. मारहाणीमुळे वेगळं राहणाऱ्या बहिणीला तुमच्या पाळकांनी या वचनावरून पाठिंबा दिलाय का?