पदव्युत्तर संशोधनात नकारात्मक निष्कर्ष ही उपलब्धी मानावी का?

प्रश्न: मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. एका प्रसिद्ध प्रयोगाची मी काटेकोरपणे पुनरावृत्ती केली, पण अपेक्षित परिणाम आढळला नाही. विभागाच्या वार्षिक अहवालात विद्यार्थ्यांच्या उपलब्धी नोंदवताना असे काम मांडावे का?

उत्तर १: अवश्य मांडावे. 2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मानसशास्त्रातील 100 अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांचे निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोगाने सहसा न आढळणारे) होते, तर पुनरावृत्तींपैकी केवळ 36 टक्क्यांचे. मात्र तुमचा नमुना, म्हणजे सहभागींची संख्या, पुरेसा मोठा होता का, हे आधी तपासा. लहान नमुन्यात खरा परिणामही निसटतो.

उत्तर २: विद्यार्थ्यांचे काम दुय्यम असते, हा समज मला मुळीच मान्य नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांचा 1935 चा प्रयोग त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातला आहे. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असेल, तर शब्द वाचताना फारसा अडथळा येत नाही, पण शाईचा रंग सांगताना माणूस स्पष्टपणे रेंगाळतो. ही साधी मांडणी आजही अवधानाच्या अभ्यासात वापरली जाते.

उत्तर ३: पुढील अभ्यासासाठी नोंदणीकृत अहवालाची पद्धत पाहा. त्यात विदा (डेटा) गोळा करण्यापूर्वीच नियतकालिक संशोधन आराखड्याचे परीक्षण करते आणि तो तत्त्वतः स्वीकारला गेला, की ठरल्याप्रमाणे काम झाल्यास निष्कर्ष कोणताही आला तरी लेख छापला जातो. मार्गदर्शकांशी याविषयी आताच बोलावे.